ट्रेनी म्हणून रुजू होण्याआधी करार नंबर मागा

नागपूर विद्यापीठाच्या एका कॉलेजातून मी मेकॅनिकल केलं. कॅम्पसमध्ये काही लागलं नाही, म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात 'ट्रेनी' म्हणून रुजू झाले. पाच महिने ड्रॉइंगच्या झेरॉक्स काढल्या, स्टोअरमध्ये बोल्ट मोजले. चहाच्या टपरीवर शेजारच्या शेडमधले सुपरवायझर काका म्हणाले, "पोरी, नॅट्सवर करार झाला काय तुझा? नंबर दाखव बरं." मला नॅट्स हा शब्दच नवा होता. नॅट्स म्हणजे पदवीधर आणि डिप्लोमाधारकांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची केंद्र सरकारची योजना, आणि करार तिच्याच पोर्टलवर नोंदवतात.

तेव्हा कळलं, 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा फक्त आयटीआयवाल्यांसाठी नाही. 1973 च्या दुरुस्तीनं पदवीधर आणि डिप्लोमाधारक इंजिनिअरही त्यात आले. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पदवीधराला माझ्या वेळी महिन्याला किमान 9,000 रुपये स्टायपेंड होता, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. करार पोर्टलवर नोंदलेला नसेल तर यातलं काहीच तुमच्या नावावर लागत नाही. माझे पाच महिने असेच गेले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग बुटीबोरीत नोंदणीकृत जागा मिळाली, तर नाव अडलं. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आधार केंद्राच्या तीन चकरा झाल्या. हे काम शेवटच्या सेमिस्टरमध्येच उरकून घ्या, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही बघा.

बुटीबोरीत मला क्वालिटीत बसवलं. पहिल्याच आठवड्यात एक शाफ्ट मी पास केला आणि साहेबांनी तो परत हातात दिला. मायक्रोमीटरचा झिरो, म्हणजे मोजायचं ते साधन बंद असताना शून्य दाखवतंय का, हे मी तपासलंच नव्हतं. कॉलेजच्या लॅबमध्ये हे कुणी इतक्या शांतपणे समजावलं नव्हतं. रोज शिफ्टच्या सुरुवातीला झिरो बघून वहीत लिहायची सवय तिथं लागली.

शिकाऊ उमेदवारीचं वर्ष संपल्यावर कंपनीनं ठेवून घ्यावं अशी सक्ती कायद्यात नाही. मलाही ठेवलं नाही. पण हातात सरकारी प्रमाणपत्र होतं, आणि पुढच्या मुलाखतीत निम्मा वेळ त्या वहीवरच बोलणं झालं.

आणखी एक, एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला की पदवीधर शिकाऊ म्हणून पात्रता जाते. म्हणून कुठं रुजू होण्याआधी एचआरला सरळ विचारा: नॅट्सवर करार करणार का, आणि त्याचा नंबर कधी मिळेल?