व्हर्च्युअल मशीनचा ब्रिज चालत नाही? पॅकेट कुठे अडतंय ते असं शोधा

ब्रिज म्हणजे लिनक्स कर्नेलमधला स्विच. संगणकाचं खरं नेटवर्क कार्ड आणि व्हर्च्युअल मशीनचं टॅप (आभासी) कार्ड, दोन्ही त्याला जोडलेली असावी लागतात. सेटिंग्ज अंदाजाने बदलण्याआधी पॅकेट कुठपर्यंत पोहोचतंय ते पाहा.

आधी ‘ब्रिज लिंक’ ही कमांड द्या. खरं कार्ड आणि ‘व्हीनेट०’ (मशीनचं टॅप कार्ड) एकाच ब्रिजखाली, ‘फॉरवर्डिंग’ (पॅकेटं पुढे सोडणाऱ्या) स्थितीत दिसली पाहिजेत. मशीनला १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर ते ब्रिजवर नसून बहुधा लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नॅटवर, म्हणजे मूळ संगणकाच्या पत्त्याआडून चालणाऱ्या नेटवर्कवर आहे. मशीनच्या सेटिंगमध्ये त्याऐवजी तुमच्या ब्रिजचं नाव घाला.

मग होस्टचा (मूळ संगणकाचा) आयपी पत्ता पाहा. तो ब्रिजवर हवा, कार्डावर नको. नेटवर्क मॅनेजरमध्ये कार्डाचं जुनं कनेक्शन आपोआप सुरू होत राहतं आणि कार्ड ब्रिजमधून ओढून घेतं; त्याचं ऑटोकनेक्ट बंद करा. हे काम एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) करू नका, मध्येच संपर्क तुटेल.

कार्ड वायफायचं असेल तर ब्रिजचा नाद सोडा. ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडलेल्या मॅक पत्त्याचीच (कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याचीच) पॅकेटं घेतो, मशीनची टाकून देतो. तिथे नॅटच वापरा.

जोडणी ठीक असूनही पत्ता मिळत नसेल, तर खरा उपयोग टीसीपीडम्पचा, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या कमांडचा. ६७ आणि ६८ या पोर्टांवरची डीएचसीपी (पत्ता मागण्याची आणि देण्याची) पॅकेटं आधी व्हीनेट०वर, मग खऱ्या कार्डावर पाहा.

व्हीनेट०वर विनंती दिसते, कार्डावर नाही: फायरवॉल अडवतोय. होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या. ‘बीआर नेटफिल्टर’ मोड्यूल चालू असताना ब्रिजवरची पॅकेटंही आयपीटेबल्समधून (लिनक्सच्या फायरवॉलमधून) जातात आणि डॉकर त्यातल्या फॉरवर्ड साखळीचं (पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीचं) धोरण बहुधा ‘ड्रॉप’ (टाकून द्या) ठेवतो. ‘डॉकर-यूजर’ साखळीत आत येणारा आणि बाहेर जाणारा इंटरफेस, दोन्हीकडे तुमच्या ब्रिजचं नाव देऊन ‘ॲक्सेप्ट’ नियम घाला. मोड्यूलचं फिल्टरिंग सरसकट बंद केल्यास कंटेनरांचं नेटवर्क बिघडू शकतं.

कार्डावरून विनंती जाते, उत्तर येत नाही: बाहेरच्या स्विचवर एका पोर्टला एकच मॅक चालेल अशी मर्यादा असू शकते. होस्ट स्वतःच व्हर्च्युअल असेल, तर त्याच्या हायपरव्हायझरमध्ये (त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) इतर मॅक पत्त्यांना परवानगी द्यावी लागते. क्लोन केलेल्या दोन मशीनचा मॅक एकच राहिला तर संपर्क येतो-जातो.

पत्ता साधारण अर्ध्या मिनिटाने मिळतो? एसटीपी (पॅकेटं गोल फिरू न देणारी ब्रिजची सोय) चालू असताना नवा पोर्ट १५-१५ सेकंदांच्या दोन टप्प्यांनंतरच पॅकेटं सोडतो. बाहेर जाणारी केबल एकच असेल तर एसटीपी बंद करा. दोन असतील तर चालूच ठेवा, नाहीतर पॅकेटं गोल फिरत राहून सगळं नेटवर्क ठप्प होईल.