वाटीचं माप ग्रॅममध्ये कसं आणायचं

४ वाट्या बेसन, २ वाट्या पिठीसाखर, सव्वा वाटी पातळ तूप. बेसनलाडवाचं असं प्रमाण घरोघरी चालतं, कारण सगळं एकाच वाटीनं मोजलं की वाटी केवढी याला महत्त्व उरत नाही. घोळ होतो तो कृतीत वाट्या आणि ग्रॅम एकत्र आले की, किंवा दुसऱ्याच्या वाटीचं प्रमाण आपल्या वाटीनं मोजलं की. कुणाची आमटीची वाटी १०० मिलिलिटरची असते, कुणाची १८० ची.

म्हणून आधी आपली वाटी मोजा. रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी पाण्यानं काठोकाठ भरा. जितके ग्रॅम दिसतील, तितक्या मिलिलिटरची ती वाटी. तो आकडा पिठाच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा आणि फराळाला तीच वाटी वापरा. केकच्या कृतींतला ‘कप’ २४० किंवा २५० मिलिलिटरचा असतो. चहाच्या कपाशी त्याचा संबंध नाही.

आता मिलिलिटरला जिन्नसाच्या आकड्यानं गुणलं की ग्रॅम मिळतात. सपाट भरलेल्या मापासाठी साधारण आकडे असे:

मैदा, कणीक, पिठीसाखर: ०.५
बेसन: चाळलेलं ०.४, न चाळलेलं ०.५
रवा: ०.७
तांदूळ: ०.८
साखर: ०.८५
पातळ तूप, तेल: ०.९
दूध: १.०३
बारीक मीठ: १.२

वाटी १५० मिलिलिटरची असेल तर वरच्या लाडवांना न चाळलेलं बेसन ६०० × ०.५ = ३०० ग्रॅम, पिठीसाखर ३०० × ०.५ = १५० ग्रॅम आणि तूप सुमारे १७० ग्रॅम.

इथेच साखरेची चूक हमखास होते. ‘२ वाट्या पिठीसाखर’ म्हणजे १५० ग्रॅम. पण २ वाट्या अख्खी साखर मोजून मग दळली तर ती २५५ ग्रॅम भरते. लाडू नुसते गोडच होत नाहीत, कोरडे पडून वळेनासे होतात आणि मग वरून तूप ओतावं लागतं. कृतीत साखर दळण्याआधी मोजली आहे की नंतर, हे नीट वाचा.

पिठाचं वजन भरण्याच्या पद्धतीवर फिरतं. २४० मिलिलिटरच्या कपात चमच्यानं हलकेच मैदा घालून सुरीच्या पाठीनं सपाट केला तर साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. केक घट्ट आणि कोरडा का झाला, याचं उत्तर बऱ्याचदा या ३० ग्रॅममध्ये असतं. शिगोशीग वाटीचा तर हिशेबच लागत नाही. कृती शिगोशीग म्हणत असेल तर एकदा तशी भरून वजन करा आणि पुढे तेच वजन धरा.

थिजलेलं तूप वाटीत भरताना मध्ये पोकळ्या राहतात. वाटीनं मोजायचं तर ते आधी पातळ करा. काट्यावर मात्र थिजलेलं काय नि पातळ काय, वजन तेच.

खायचा सोडा, मीठ, वेलचीपूड यांना साधा काटा वापरू नका. १ ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर २–३ ग्रॅमला मोठी चूक होते, आणि चिमूट चिमूट टाकत गेलं तर काही काटे ती भर टिपतच नाहीत. इथे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा बरा: सपाट चमचाभर सोडा साधारण ५ ग्रॅम, बारीक मीठ ६ ग्रॅम. घरातल्या चमच्याचंच वजन हवं असेल तर १० सपाट चमचे एकत्र तोला आणि १० नं भागा.