अंगणात ठिबक टाकताय? आधी बॅकफ्लो प्रिव्हेंटर कोणता बसवायचा ते ठरवा

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची जी मंडळी डॅलसच्या आसपास नवीन घर घेऊन स्थिरावतायत त्यांच्यासाठी लिहितोय. मी इकडे सोळा वर्षं आहे, आणि दर मार्चला कोणाचा ना कोणाचा फोन येतोच की दादा, भरताची वांगी लावायचीयेत, ठिबक टाकतोय, पण सिटीवाले बॅकफ्लो प्रिव्हेंटर मागतायत, हे काय असतं आणि कोणतं घेऊ.

बॅकफ्लो प्रिव्हेंटर म्हणजे बागेच्या लाइनीतलं पाणी उलटं प्यायच्या लाइनीत जाऊ न देणारं उपकरण. आधी हे कशाला लागतं ते समजून घ्या, मग निवडणं सोपं जातं. गावाकडे आपल्या नळाला पाणी आलेलं असतं आणि शेजारी नळाला डायरेक्ट मोटर लावतो, तेव्हा आपल्या नळाची धार एकदम तुटते, फुस्स आवाज येतो, तोटीला बोट लावलं तर बोट आत ओढलं जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. इकडे तसंच होतं, फक्त मोटरच्या जागी फुटलेली मेन लाइन असते नाहीतर आग विझवायला उघडलेला हायड्रंट. प्रेशर पडलं की तुमच्या वाफ्यात पडलेल्या ठिबकच्या नळ्यांतलं माती, शेणखत, औषध मिसळलेलं पाणी उलटं ओढलं जातं आणि किचनचा नळ त्याच लाइनवर असतो, शेजाऱ्याचाही. १९६९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल टीमला कावीळ झाली ती अशीच, मैदानाला पाणी द्यायच्या खड्ड्यांतलं घाण पाणी, जवळच आग विझवताना प्रेशर पडलं म्हणून, प्यायच्या नळाच्या लाइनीत ओढलं गेलं आणि दोन मॅचनंतर त्यांना पूर्ण सीझन रद्द करावा लागला. म्हणून सिटीवाले मागे लागतात ते उगीच नाही.

विहिरीवरच्या मोटरला फूटव्हॉल असतो, बोअरला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते, मग तसाच एक एनआरव्ही टाकला तर चालेल का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही चालत. त्यात एकच झडप, वाळूचा एक कण अडकला की पाणी परत जातं आणि बाहेरून काही कळत नाही, शिवाय तो टेस्ट करता येत नाही.

आता प्रकार. घर भाड्याचं असेल आणि बाहेरच्या नळाला टायमर लावून चार कुंड्यांना ठिबक द्यायचं असेल तर नळाचा छोटा व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे आत हवा घेऊन उलटी ओढ तोडणारा, पुरतो, पण क्रम लक्षात ठेवा, आधी टायमर, मग ब्रेकर, मग फिल्टर, मग प्रेशर रेग्युलेटर. ब्रेकरच्या नंतर टायमर लावला तर ब्रेकर कायम प्रेशरखाली राहतो आणि तो त्यासाठी बनवलेलाच नाही. साधा अ‍ॅटमॉस्फेरिक व्हॅक्यूम ब्रेकर स्वस्त दिसतो, पण तोही चोवीस तासांत बारा तासांपेक्षा जास्त प्रेशरखाली चालत नाही, प्रत्येक झोनच्या, म्हणजे यार्डच्या एकाच वेळी पाणी मिळणाऱ्या भागाच्या, व्हॉल्व्हनंतर वेगळा लावावा लागतो, त्यामुळे पूर्ण यार्डसाठी मी तो सुचवत नाही.

प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे पीव्हीबी, हा सपाट यार्डसाठी चांगला. एकच लागतो, कायम प्रेशरखाली चालतो, पण सगळ्यात उंच स्प्रिंकलर किंवा ड्रिपरपेक्षा बारा इंच वर बसवावा लागतो आणि तो फक्त ओढल्या जाणाऱ्या पाण्याला अडवतो, पुढून पंपाने ढकललेल्या पाण्याला नाही. मागचं यार्ड चढाचं असेल तर हा घेऊ नका. डबल चेक, म्हणजे डीसीव्हीए, दोन झडपांचा, ओढणं आणि ढकलणं दोन्ही अडवतो, जमिनीत हिरव्या झाकणाच्या बॉक्समध्ये बसतो, म्हणून इकडे खूप घरांत तोच दिसतो. तुमच्या नवीन घरात बहुतेक तोच असेल, झाकण उघडून बघा, पितळेच्या बॉडीवर चार छोटे टेस्ट कॉक, म्हणजे टेस्टचं गेज जोडायच्या तोट्या, दिसतील.

पण आपल्या लोकांनी इथेच थांबून विचार करायचाय. आमचा यावलकडे केळीचा बाग आहे, ठिबकाला व्हेंच्युरी, म्हणजे बादलीतलं खत ओढून पाण्यात मिसळणारी नळी, लावून युरिया, पोटॅश सोडणं हे मी लहानपणापासून पाहिलंय, हात आपोआप तिकडेच जातो. इकडे मी पण तेच केलं, डबल चेकच्या पुढे व्हेंच्युरी जोडली, बाजूला १९:१९:१९ खताची बादली. टेस्टर आला, गेज जोडायच्या आधीच त्याने बादलीत बुडालेली नळी पाहिली, मला काही न विचारता व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि टेस्टच्या कागदावर फेल लिहिलं. मला तेव्हा राग आला होता, पण त्याचं बरोबर होतं, घरात माझी दोन वर्षांची मुलगी तेच पाणी पीत होती. डबल चेक हा कमी धोक्याच्या पाण्यासाठी असतो, लाइनीत खत किंवा औषध सोडलं की आरपीझेड लागतो, म्हणजे रिड्यूस्ड प्रेशर वाला. त्यात दोन झडपा आणि मधे एक रिलीफ व्हॉल्व्ह, झडप गळली तर घाण पाणी घराकडे न जाता खाली बाहेर पडतं. तो जमिनीवरच बसवायचा, खाली बारा इंच मोकळी जागा ठेवून, खड्ड्यात कधीच नाही कारण खड्डा भरला की रिलीफ पाण्याखाली जातो. महाग आहे आणि साधारण दहा-बारा पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) प्रेशर खातो, म्हणून आधी नळाला गेज लावून प्रेशर मोजा, कमी भरलं तर एका झोनवरचे स्प्रिंकलर कमी करा. व्हिडिओ कॉलवर वडिलांना दाखवला तर म्हणे, हाई इतलं मोठं कसाले? मग सगळं समजावलं तेव्हा पटलं त्यांना.

खत वाफ्यात हाताने टाकणार असाल आणि लाइनीत काही सोडणारच नसाल तर डबल चेक ठीक, पण मला विचाराल तर बागेची आवड असलेल्याने आरपीझेडच घ्यावा, आज ना उद्या व्हेंच्युरी लागणारच. सेप्टिक टँक असेल तर नियम वेगळे, ते सिटीला विचारूनच करा.

थंडीचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत एका मित्राचा पीव्हीबी गेला, वरचं प्लॅस्टिकचं बॉनेट, म्हणजे झाकण, तुटलंच, पण पितळेच्या बॉडीलाही केसासारखी चीर पडली होती, बर्फ वितळल्यावर तिथून पाण्याची बारीक फवारणी भिंतीवर. बॉनेटचं रिपेअर किट मिळतं, बॉडी फुटली की नवीनच. जमिनीवर जे काही बसवाल त्याला पाणी देणारा मागचा व्हॉल्व्ह बंद करा, टेस्ट कॉक उघडून पाणी काढा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बॉल व्हॉल्व्ह अर्धे, पंचेचाळीस अंशात ठेवा, नाहीतर बॉलच्या आत अडकलेलं पाणी गोठून तोच फुटतो. वरून इन्सुलेटेड पिशवी, पण आरपीझेडची खालची रिलीफची तोटी झाकू नका.

विकत घ्यायच्या आधी सिटीच्या वॉटर डिपार्टमेंटला फोन करा, क्रॉस कनेक्शनवाल्याला, म्हणजे प्यायच्या लाइनीत घाण पाणी मिसळू नये हे बघणाऱ्याला, मागा, परमिट आणि अप्रूव्ह्ड मॉडेलची यादी दोन्ही त्याच्याकडे मिळतं. फेब्को, वॉट्स, विल्किन्स हे तिन्ही इकडे सर्रास बसवतात, पार्ट मिळतात. बसवल्यावर लायसन्सवाल्याकडून टेस्ट करून घ्या आणि तो गेज लावत असताना बाजूला उभे राहा, आरपीझेडचा रिलीफ दोन पीएसआयच्या खाली उघडला तर फेल, ते काट्यावर स्वतः बघा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी तोच आकडा ताडून बघता येतो.