तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर काय करायचं

मी मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात, लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. घरच्यांनी रात्रभर वाट पाहून सकाळी आणलेली बाळं बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितेय.

दूध पिऊन बाळाने फाटलेलं पांढरं दूध काढलं तर घाबरायचं कारण नाही. उलटी पोपटी, शेवाळी किंवा गडद हिरवी असेल, तर ते पित्त आहे. पुढची वाट अडलीय असंच धरून चाला. गर्भात आतडं फिरून आपल्या जागी बसतं. काही बाळांत ते फिरणं अर्धवट राहतं, आतड्याला धरून ठेवणारा पाया अरुंद होतो आणि मग एखाद्या दिवशी सगळं लहान आतडं ओलं धुणं पिळावं तसं पिळलं जातं. रक्तपुरवठा थांबला की काही तासांत आतडं काळं पडतं. डॉक्टर याला मालरोटेशन आणि व्हॉल्व्ह्युलस म्हणतात. बहुतेक बाळांना त्रास पहिल्या महिन्यातच होतो. काहींचं आतडं जन्मतःच मध्ये बंद असतं, तो अट्रेशिया. त्यातही उलटी बहुधा हिरवीच.

‘पोट मऊ आहे, शी पण झाली,’ असं आज्या हमखास सांगतात. त्यावर विसंबू नका. अडथळा वर असला की सुरुवातीला पोट फुगत नाही, आणि काळी चिकट शी आधीच होऊन गेलेली असू शकते.

हिरवं दिसलं की तोंडाने काही द्यायचं नाही. अंगावरचं दूधही डॉक्टर सांगेपर्यंत थांबवा. घुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी काहीच नको. बाळाला कुशीवर ठेवा, टोपी-मोजे घालून गुंडाळा. उलटीचा डाग पडलेलं कापड धुऊ नका, पिशवीत घालून बरोबर आणा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत रंग फसवा येतो, कापड बघून आमचे डॉक्टर लगेच ओळखतात.

मग थेट निघा, जिथे लहान मुलांचे सर्जन आहेत तिथेच. परळला वाडिया आणि केईएम एकाच रस्त्यावर आहेत. सायन आणि नायरलाही हा विभाग आहे. जन्म झाला त्या नर्सिंग होममध्ये असाल तर १०८ मागवा आणि निघण्याआधी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या: जन्माचं वजन, व्हिटॅमिन के (रक्तस्राव होऊ नये म्हणून जन्मल्यावर देतात ते इंजेक्शन) दिलं का, पहिली शी कधी झाली, पहिली हिरवी उलटी किती वाजता. गरोदरपणातली सोनोग्राफीची फाइलही आणा. आईला टाके असतील तर ती मागून येईल. सही करायला वडील हवेत.

इथे आल्यावर नाकातून नळी, सलाईन, एक्स-रे, सोनोग्राफी. कधी नळीतून औषध सोडून आतड्याचे फोटो. बाळाची अवस्था वाईट असेल तर तपासण्यांत वेळ न घालवता थेट ऑपरेशन. पीळ सोडवतात, आडवे आलेले पट्टे कापतात, पाया रुंद करतात. बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरतात.

त्या दिवसांत आईने रिकामं बसू नये. दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा, नाहीतर पान्हा आटतो. सायनला १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती आईच्या दुधाची किंमत ओळखूनच. नळीतून येणारं हिरवं पाणी कमी होत फिकं झालं आणि बाळाला शी झाली की दूध अगदी थोडं थोडं सुरू होतं. ते तुमचंच मिळालं तर उत्तम.

घरी जाताना एक प्रश्न नक्की विचारा: अपेंडिक्स काढलंय का? या ऑपरेशनमध्ये मोठं आतडं डावीकडे ठेवतात, त्यामुळे अपेंडिक्सही डावीकडे जातं आणि पुढे कधी दुखलं तर डॉक्टरांची फसगत होते. म्हणून ते बहुधा काढूनच टाकतात. उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाला जोडून ठेवा.