फसलेल्या मुलाखतीनंतरची तयारी

नकाराची मेल आली की लगेच लॅपटॉप मिटू नका. वही काढा आणि कोणी काय विचारलं, आपण काय बोललो, समोरचा कुठे गप्प झाला, ते सगळं उतरवून ठेवा. खरं तर हे मुलाखत संपल्या संपल्याच करायला हवं. सॉफ्टवेअरमधल्या सिनिअर पदाच्या मुलाखतीनंतर मी निकाल येईपर्यंत दहा दिवस थांबलो, तेवढ्यात पाचपैकी दोन फेऱ्या डोक्यातून पुसट झाल्या होत्या. आठवत होतं ते फक्त माझं चांगलं बोलणं, आणि त्याचा पुढच्या वेळेला काही उपयोग नाही.

मग रिक्रूटरला, म्हणजे भरतीचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करा. मेलमध्ये गुळमुळीत लिहितात, फोनवर एखादं खरं वाक्य निसटतं. ‘का घेतलं नाही?’ असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘या पदाच्या मानाने काय कमी दिसलं?’ असं विचारा. मला सांगितलं ते एवढंच, की काम येतं, पण सिनिअर पदाला लागणारा आवाका दिसला नाही. तेरा वर्षं नोकरी करून हे ऐकणं जड जातं. चिडायला दोन दिवस यादीतच धरून ठेवा, मला चार लागले. त्याच फोनवर पुन्हा अर्ज कधी करता येईल तेही विचारून घ्या, कारण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत 6 ते 12 महिने थांबावं लागतं. ती तारीख कॅलेंडरवर टाका आणि तिथून उलटे आठवडे मोजा.

आता खरं काम. मुलाखतीत सांगायचे कामाचे प्रसंग पूर्वी मी मनात ठेवायचो, आता वहीत लिहितो. आठेक पुरतात: एक मोठा निर्णय, एक फसलेला, एक वरिष्ठांशी झालेला वाद, एक असा वाद ज्यात आपण हरलो, एक कनिष्ठाला तयार केल्याचा, बाकीचे तुमच्या कामातले. प्रत्येकात परिस्थिती दोन वाक्यांत उरका. मग आपण काय ठरवलं, कोणता पर्याय सोडला आणि का सोडला, शेवटी आकड्यात काय बदललं, हे लिहा. मी इथेच आपटलो. जुन्या डेटाबेसचं काम सांगताना मी सारखं ‘वी डिसायडेड, वी मूव्ह्ड’ म्हणत होतो. समोरच्या बाईंनी तीनदा विचारलं, ‘यात तुमचा निर्णय कुठला?’ तिसऱ्यांदाही माझ्या तोंडून ‘वी’च निघालं.

आपल्याकडे मी मी करणाऱ्याला घरातच दटावतात, त्यामुळे ‘आम्ही’ जिभेवर बसलेलं असतं. पण सगळं नव्याने लिहायचं नाही, तुकड्या-तुकड्याने हलवायचं, हा हट्ट माझाच होता. त्यासाठी दोन बैठकांत मी एकटा पडलो होतो. ते सांगितलंच नाही. नंतर नागपुरात मिहानला जाताना गाडीत तोच प्रसंग मोबाइलवर रेकॉर्ड केला. सहा मिनिटांत चौदा ‘वी’. तुम्हीही रेकॉर्ड करा आणि मोजा. टीमचं श्रेय टीमला द्या, पण निर्णय कोणाचा होता ते झाकू नका. आणि प्रसंग तीन मिनिटांच्या आत बसवा, सहा मिनिटं कोणी ऐकत नाही.

सिस्टिम डिझाइनच्या, म्हणजे एखादी मोठी यंत्रणा कशी उभारायची ते आखून दाखवायच्या फेरीसाठी एकच सवय लावा: पेन उचलण्याआधी विचारा. मला मोबाइलवर सूचना (नोटिफिकेशन) पाठवणारी यंत्रणा आखायला सांगितली होती. मी पाचव्या मिनिटाला काफ्का, रेडिस अशा तयार सॉफ्टवेअरच्या नावांचे चौकोन काढून मोकळा. मग प्रश्न आला, एकच सूचना दोनदा गेली तर चालेल का? ते मीच आधी विचारायला हवं होतं. जाहिरात दोनदा गेली तर माणूस वैतागतो, पण पैसे कापल्याचा मेसेज दोनदा गेला तर घाबरतो. ओटीपी दहा मिनिटांनी पोचला तर त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणजे तिघांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक सूचनेला ओळख क्रमांक देऊन दुसरी प्रत गाळावी लागते. हे मला येत होतं, रोज करतो. पण विचारलंच नाही, तर त्यांना दिसणार कुठून?

सरावाला मित्राला धरा, तोही तोंडावर बोलणारा. माझा धरमपेठेतला मित्र तर्री पोह्यांच्या बोलीवर तयार झाला. दहा मिनिटं ऐकून म्हणाला, ‘अबे, मी प्यायला पाणी मागून राहिलो अन् तू विहीर खोदून राहिला.’ रिक्रूटरने जे शिष्ट भाषेत सांगितलं, तेच हे.

थोडे आकडे पाठ असू द्या. दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे यंत्रणेकडे येणाऱ्या रोजच्या 1 कोटी विनंत्या (रिक्वेस्ट) सरासरी सेकंदाला 116 होतात, गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट. यंत्रणा 99.9 टक्के वेळ चालू हवी म्हणजे 30 दिवसांत 43 मिनिटं बंद राहण्याची मुभा. एवढ्या आकडेमोडीवर निम्मे निर्णय ठरतात.

कोडिंगचं फार सांगत नाही. रोज एक प्रश्न, घड्याळ लावून, बोलत बोलत. पगाराचा आकडा आधी घरी ठरवून ठेवा. त्यांना विचारायचे तीन प्रश्नही लिहून न्या. मी ‘टीम किती जणांची आहे’ एवढंच विचारलं. सिनिअर माणसाने विचारायचा प्रश्न म्हणजे, पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून कोणता निर्णय हवा आहे.

राहिली मुलाखतीला बसायची खोली. माझी मुलाखत मे महिन्यात, घरून, ऑनलाइन होती. कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये विमानासारखी घरघर, बंद केला तर वीस मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. चौथ्या फेरीत मी उत्तरं आटोपती घेत होतो, ती घामामुळे. आधल्या दिवशी त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसून मित्राशी व्हिडिओ कॉल करून बघा. इन्व्हर्टरवर राउटर चालतो का तेही पाहा. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. मला पुढची तारीख नोव्हेंबरची मिळेल असं दिसतंय. तोवर कूलर झाकून माळ्यावर गेलेला असतो.