उचलले कधी, अटक दाखवली कधी: स्थानिक नागरी हक्क शाखेने सत्यशोधन कसे करावे

गावात किंवा तालुक्यात नागरी हक्कांसाठी काम करणारी शाखा उभी राहिली की तिला लगेच दोन सल्ले मिळतात. आधी संस्था नोंदवून घ्या आणि निवेदनांचा धडाका लावा. दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. नोंदणी नसली तरी तक्रार करता येते, पत्र देता येते, सदस्याच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. आणि ज्याच्या मागे पडताळलेला तपशील नाही, त्या निवेदनाला आवक क्रमांक पडतो आणि पुढे काहीच होत नाही. शाखेकडे सत्ता नसते, पैसा नसतो. लोकांनी सांगितलेले नीट लिहून, तपासून ठेवलेले कागद हीच तिची ताकद. ते कागद कसे तयार करायचे ते इथे सांगतो. त्यासाठी नेहमी येणारा प्रसंग घेऊ: पोलिसांनी कोणाला तरी उचलून नेले आहे आणि घरच्यांना काही कळत नाही.

माणसे

पाच-सात जण पुरतात. त्यांत तालुका न्यायालयात रोज उभा राहणारा एक वकील, किमान दोन स्त्रिया, आणि सुवाच्य, सरळ मराठी लिहिणारा एक जण हवाच. खर्च सदस्यांच्या वर्गणीतून करा. विदेशी देणगी २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि या कामाला ती लागतही नाही.

एक नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्या: माणसाचा पक्ष, जात, धर्म किंवा आधीचे गुन्हे पाहून प्रकरण घ्यायचे की नाही ते ठरणार नाही. १९३६ मध्ये मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली, १९७६ मध्ये आणीबाणी चालू असताना जयप्रकाश नारायणांनी नागरी हक्कांची संघटना उभी केली. दोन्ही वेळा वेगवेगळ्या राजकीय मतांची माणसे या एका मुद्द्यावर एकत्र यावीत हाच हेतू होता. तुम्हाला न आवडणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याला बेकायदा डांबले आणि शाखा गप्प बसली, तर पुढच्या वेळी तुमच्या अहवालाला कोणी विचारणार नाही.

फोन आल्यावर

फोन घेणाऱ्याने सहा गोष्टी लिहून घ्यायच्या: नाव आणि वय, कुठून नेले, किती वाजता, कोणत्या ठाण्याचे लोक किंवा गाडी, घरच्यांना काय सांगितले, आणि काही आजार किंवा चालू औषधे आहेत का. मग वकिलाला फोन. वकील मिळत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो.

ठाण्यात वकिलाबरोबर एकच सदस्य जाईल. वीस जणांनी फाटकाशी घोषणा दिल्या तर आतल्या माणसाला भेटणे अवघड होते आणि बाहेरच्यांवर नवा गुन्हा लागतो. काय विचारायचे ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसमध्ये आहे. कलम ३६ प्रमाणे अटकेचा मेमो आणि त्यावर साक्षीदाराची सही. कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान वकिलाची भेट. कलम ४७ प्रमाणे अटकेची कारणे. ती अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, आणि ताबडतोब देता आली नाहीत तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले आहे. कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला किंवा मित्राला खबर. कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणी आणि तिच्या अहवालाची प्रत. आणि कलम ५८, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजेरी.

‘अटक नाही, फक्त चौकशीला बोलावलंय’ असे उत्तर मिळाले तर नोटीस मागा. पंधरा वर्षांखालील मुलगा, साठीच्या पुढचा पुरुष किंवा कोणतीही स्त्री यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते, हे कलम १७९ आहे.

मारहाण झाली असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढच्या पहिल्याच हजेरीत ती त्या माणसाने तोंडाने सांगावी आणि वकिलाने ती नोंदवून घ्यावी. पहिल्या तारखेला गप्प राहिल्यावर तीच गोष्ट पुढे पटवणे फार जड जाते.

जबाब: काम इथेच बिघडते

इथवरचे सगळे कागद पाहून करता येते. खरा कस लागतो तो घरच्यांशी, शेजाऱ्यांशी आणि सुटून आलेल्या माणसाशी बोलून लिहिताना. बहुतेक शाखांचे अहवाल इथेच कच्चे राहतात. याला कारण बहुतेक वेळा घाई, आणि आपण पीडिताच्या बाजूचे आहोत हे दाखवायची हौस.

पहिली चूक गर्दीत बोलण्याची. तुम्ही ओट्यावर बसलात की दहा माणसे जमतात, एक सांगतो आणि नऊ जण दुरुस्त करतात. अर्ध्या तासात सगळ्यांची मिळून एकच गोष्ट तयार होते आणि कोणी स्वतः काय पाहिले ते कायमचे पुसले जाते. म्हणून एका वेळी एकच माणूस. शाखेचे दोघे, एक विचारणारा आणि एक लिहिणारा. सरपंच, पुढारी, ओळख करून देणारा कार्यकर्ता, सगळे बाहेर. वाईट वाटले तरी चालेल.

दुसरी चूक प्रश्नातच उत्तर देण्याची. ‘त्यांनी दांडक्याने मारलं ना?’ या प्रश्नाला घाबरलेला माणूस हो म्हणतो आणि तुमचा अहवाल तिथेच पडतो. पहिल्या खेपेला मध्ये न बोलता ऐका. ‘मग काय झालं?’ एवढाच प्रश्न पुरतो. दुसऱ्या खेपेला वेळ आणि जागा विचारा. तिसऱ्या खेपेला प्रत्येक वाक्यावर एकच गोष्ट विचारा: हे तुम्ही पाहिलं की कोणी सांगितलं? लिहिणाऱ्याने समासात ‘पा’ किंवा ‘ऐ’ अशी खूण करत जावे. नंतर अहवाल लिहिताना याच खुणा कामी येतात.

वेळ काढणे हे सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत चिवट काम. अटकेच्या कागदावर एक वेळ असते आणि माणसाला घरून नेल्याची वेळ दुसरीच असते. चोवीस तासांचा हिशेब कागदावरच्या वेळेपासून दाखवला जातो आणि मधले तास कोणाच्याच खात्यावर येत नाहीत. बेकायदा डांबणे बहुतेक वेळा याच फटीत लपलेले असते. पण ‘रात्री नेलं’ एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. घड्याळ पाहिलेले नसते, म्हणून खुणा विचारा. नळाला पाणी आलं होतं का? शेवटची एसटी गेली होती का? वीज गेली त्याआधी की नंतर? शाळा सुटली होती का? मग त्या खुणा तपासा: पाणी सोडणाऱ्याला विचारा, आगारात विचारा. सगळ्यांत भरवशाचे घड्याळ म्हणजे फोन. माणसाला नेल्याबरोबर घरच्यांनी कोणाला तरी फोन केलेला असतोच. त्या कॉलची नोंद त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर लगेच जा, बहुतेक दुकानांत काही दिवसांतच जुन्यावर नवे चित्रण चढते. कॅमेऱ्याचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही टिपून ठेवा. हे विसरल्याने चांगला पुरावा उलटतो.

‘मारलं’ ही माहिती नव्हे. कशाने, कुठे, उभे असताना की बसवून, कोणत्या खोलीत, तिथे आणखी कोण होते, ते विचारा. किती वेळा हे मात्र खोदून विचारू नका. ‘लई वेळा’ म्हणाला तर ‘लई वेळा’ असेच लिहा. बळेच काढलेला आकडा पुढच्या जबाबात बदलतो आणि बाकीचे खरेही खोटे ठरते. बोली बदलू नका. ‘त्यानं कानाखाली हाणली, कान भणभणाय लागला’ या वाक्यातून डॉक्टरला कानाचा पडदा तपासायचे सुचते. ‘अमानुष मारहाण करण्यात आली’ यातून काहीच सुचत नाही.

दोन जबाब जुळत नसतील तर ते जुळवू नका, तसेच ठेवा. आपल्या बाजूला अडचणीचे असेल तेही लिहा. जमावातून दगड आला असेल तर आला असे लिहा. दगड आला म्हणून कोठडीतली मारहाण कायदेशीर होत नाही, पण तुम्ही दगड लपवलात हे उघड झाले की मारहाणीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आरोपी म्हणून नाव असलेल्या माणसाला गुन्ह्याबद्दल एक अक्षर विचारू नका. त्याने गुन्हा केला की नाही हे न्यायालय पाहील. पोलिसांनी कायदा पाळला की नाही, एवढाच तुमचा विषय. जबाबावर त्याची किंवा साक्षीदाराची सही घेऊ नका, व्हिडिओही काढू नका. याबाबत मतभेद आहेत, तरी सही नको यावर ठाम राहा. साक्षीदाराचे आधीचे लेखी म्हणणे उलटतपासणीत त्याच्यापुढे धरता येते आणि वेळेतला किरकोळ फरकसुद्धा त्याला खोटे ठरवायला वापरला जातो. प्रतिज्ञापत्र करायचे की नाही आणि कधी, हे वकील ठरवेल.

संमती एकदा घेऊन भागत नाही. लिहून घेऊ का, नाव छापू का, कोणाकोणाला पाठवू, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तुम्ही निघून जाता, पण त्या माणसाला त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचे असते. टिपणांत नावे नकोत, सा-१, सा-२ असे लिहा. नावांची यादी वेगळ्या वहीत, वेगळ्या घरी ठेवा.

लैंगिक अत्याचाराच्या किंवा लहान मुलाच्या प्रकरणात शाखेने जबाब घेऊच नये. प्रशिक्षित समुपदेशक आणि वकील गाठून द्यावेत आणि बाजूला व्हावे. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सोचे, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे, कलम २३ लागते. गावाचे नाव आणि नातेवाइकाचा फोटो यांतूनही ओळख फुटते.

जखमांचे फोटो

प्रत्येक जखमेचे दोन: एक लांबून, शरीराचा भाग कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. उजेड दिवसाचा. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात, म्हणून पुन्हा काढा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की चित्र दाबले जाते आणि आतली वेळेची नोंद जाते. न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी फोटो कोणी, कोणत्या फोनने काढला ते आजच लिहा.

पोलिसांची बाजू

ही वगळली तर तो अहवाल नव्हे, पत्रक झाले. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला पत्र द्या: ताब्यात घेतल्याची आणि अटकेची वेळ, एफआयआर क्रमांक व कलमे, कोणाला कळवले, तपासणी कुठे झाली. गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर बीएनएसएसच्या कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस न देता अटक का केली, हेही विचारा. पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टने पाठवा. उत्तराला सात दिवस द्या. उत्तर आले तर जसेच्या तसे छापा, नाही आले तर तसे लिहा.

ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असे वेगळे पत्र त्याच दिवशी द्या, तारीख आणि तास लिहून. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रण साठवण्याचे आदेश दिले आहेत. मानवी हक्क आयोगही ते मागवू शकतो. ठाणे दैनंदिनीच्या, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या रोजच्या नोंदींच्या वहीच्या, उताऱ्यासाठी माहिती अधिकाराचा स्वतंत्र अर्ज, दहा रुपये शुल्क. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ‘तपास चालू आहे’ एवढ्यावर नकार आला तर अपील करा. तपासाला अडथळा कसा येईल, हे त्यांनी सांगायला हवे.

अहवाल

चार ते सहा पाने. आधी वेळापत्रक: डावीकडे तारीख-वेळ, मध्ये घटना, उजवीकडे आधार (सा-२ पाहिले, कॉलची नोंद, अटक मेमो). मग पोलिसांचे म्हणणे, मग कोणते कलम पाळले गेले नाही, शेवटी मागण्या, तीनपेक्षा जास्त नकोत. विशेषणे काढून टाका. छापण्याआधी वकिलाने आणि सांगणाऱ्याने आपापला भाग वाचलाच पाहिजे.

पाठवायचा पोलीस अधीक्षकांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि मानवी हक्क आयोगाला. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांना एकदम पाठवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात चौकशी करत नाही. तक्रार मराठीत चालते, शुल्क नाही, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत जायला हवी. वृत्तपत्रांना प्रत द्यायची ती या सगळ्यांची पोच हातात आल्यावर, आणि आपले नाव छापू नका असे ज्यांनी सांगितले त्यांना आधी एक फोन करून.