भंडारदऱ्याची सायकलफेरी : रिकाम्या रस्त्यावर या चुका टाळा

भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावातून निघायचं, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला पोचायचं, तिथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असा धरणाच्या पाण्याला वळसा घालून पुन्हा शेंडीत यायचं. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर रस्त्यावर गुरं जास्त आणि गाड्या कमी. सामान लादून निवांत सायकल मारायला याहून बरा रस्ता सह्याद्रीत शोधावा लागेल. फक्त एक ध्यानात ठेवा. गाड्या नाहीत तिथे पंक्चरवाला नसतो आणि वाटेत कुणी उचलून नेईल याचाही भरवसा नसतो. शहरात दहा मिनिटांत मिटणारी भानगड इथे अख्खा दिवस खाते.

चुकीचा वार निवडणं

पहिली चूक घरी कॅलेंडरसमोरच होते. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला आणि पुढे पावसाळ्यात धबधब्यांसाठी शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रीघ लागते. अरुंद रस्ता, दोन्हीकडून चारचाकी, कडेला सेल्फी. या काळात जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार गाठा आणि दिवस उजाडताच शेंडी सोडा.

किलोमीटर मोजणं, चढ न मोजणं

‘धरणाच्या कडेचा रस्ता म्हणजे सपाट’ हा समज सर्वांत महाग पडतो. रस्ता पाण्याच्या पातळीवरून जात नाही. डोंगराच्या सोंडा आणि ओढे ओलांडत जातो, म्हणजे प्रत्येक ओढ्याला उतार आणि लगेच चढ. त्यात हा लाव्हारसाचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले, त्यातले कठीण थर कड्यासारखे उभे राहिले आणि मऊ थर झिजून उतार झाले. या खडकाला म्हणतात ‘डेक्कन ट्रॅप’; त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या ‘पायरी’वरून आला, तो याचसाठी. सायकलस्वाराला ही पायरी मांडीत कळते: बराच वेळ हलका चढ, मग दोनशे मीटर छातीवर येणारा, मग पुन्हा सपाट. सरासरी चढ बघून अंदाज बांधला की तो चुकतो.

सामानासकट ताशी १० ते १२ किलोमीटर धरा. जेवण, फोटो आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर धरून पूर्ण दिवस लागतो. मंदिर घाईत बघायचं नाही, हे आमचं ठाम मत.

‘माझ्या गिअरवर होईल’

पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे २८ दातांची मोठी चकती असेल तर ७०० सी मापाच्या चाकावर एका पेडलफेऱ्यात सायकल साधारण २.६५ मीटर सरकते. पेडलची लय मिनिटाला ६० ठेवायची तर वेग ताशी साडेनऊ किलोमीटर लागतो. दहा टक्क्यांच्या चढावर दहा-बारा किलो सामान घेऊन हा वेग फार थोड्यांना झेपतो. बाकीचे उभे राहून रेटतात आणि तिसऱ्या-चौथ्या चढाला गुडघा बोलू लागतो. पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर तीच लय ताशी साडेसहा किलोमीटरवर मिळते. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलण्याआधी एक तपासा: मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात चालतात का. चेनही बहुधा लांब घ्यावी लागते. आखूड चेन पुढची मोठी आणि मागची मोठी चकती या जोडीवर ताणली गेली तर डिरेलर उखडतो.

हवा आणि टायर

इथली खडी काळ्या कातळाची. तोडलेल्या बसाल्टला कडा असतात आणि डांबर उखडलं की त्या वर येतात. २५ मिलीमीटरचे टायर ठासून हवा भरून आणले की दोन गोष्टी होतात: उतारावर चाक उसळतं आणि बाजूची भिंत चिरते. ३५ ते ४० मिलीमीटरचे टायर घ्या. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस आणि दहा किलो सामान असेल तर ४० मिलीमीटरच्या टायरला हवेचा दाब पुढे ४०, मागे ४८ पीएसआयच्या आसपास ठेवा. याहून बरीच कमी ठेवलीत तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चेपून शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. अशी जोडछिद्रं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

एकच छिद्र असेल तर मात्र काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. ही चूक इतकी सर्रास होते की सांगून सांगून कंटाळा येतो. ट्यूब काढताना व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करा. ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते मोजा आणि खुणेपासून दोन्ही दिशांना तेवढ्याच अंतरावर टायर तपासा. आतून बोट हळूच फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक आत केसाएवढंच डोकावतं, बोटाला टोचतं पण डोळ्याला दिसत नाही. बाहेरून ढकलून चिमट्याने काढा.

बाजूची भिंत चिरली असेल तर पॅचने भागत नाही, चिरेतून ट्यूब फुगा होऊन बाहेर येते. जुन्या टायरचा ५ बाय ३ सेंटिमीटरचा तुकडा कडा तासून पिशवीत ठेवा. तो आतून चिरेवर बसवा, मग ट्यूब घाला आणि हवा नेहमीपेक्षा पाच-सात पीएसआय कमी भरा. तुकडा नसेल तर वेफर्सचं रिकामं पाकीट चार घड्या घालून चालतं, पण गावापर्यंतच. सोबत दोन ट्यूब, सहा पॅच, न सुकलेलं सोल्यूशन आणि चालणारा पंप हवाच. सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत आतच वाळते. निघण्याच्या आदल्या रात्री दाबून बघा.

गाडीतून आणलेली सायकल न तपासता चालवणं

कारच्या टपावरून किंवा रेल्वेने इगतपुरी-कसाऱ्यापर्यंत सायकल आणताना ती उजव्या अंगावर ठेवली की मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो धातूचा छोटा तुकडा, आत वाकतो. मागे बसून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची रेघ कॅसेटच्या दातांच्या रेघेत उभी हवी. आत कललेली असेल तर सर्वांत मोठी चकती वापरू नका, नाहीतर पहिल्याच खड्या चढावर डिरेलर चाकाच्या तारांत जाईल. तुमच्या सायकलचाच हँगर जादाचा ठेवा, दुसऱ्या मॉडेलचा बहुधा बसत नाही.

रेघ सरळ असूनही चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर डिरेलरजवळचा केबलचा गोल स्क्रू मागून बघत घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा. उतरताना अडत असेल तर घड्याळाच्या दिशेने. एका वेळी पाव फेराच.

उतारावर ब्रेक दाबून ठेवणं

सतत हलका ब्रेक धरल्याने रिम किंवा डिस्क तापते आणि पकड कमी होते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून जोरात दाबा, वेग खाली आणा, सोडा. वळणात नको. केबलच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकू लागला तर नुसती केबल ताणून भागत नाही, आतला न हलणारा पॅडही डिस्कजवळ आणावा लागतो. पॅडवर मसाला १ मिलीमीटरहून कमी उरला असेल तर घरीच बदला आणि रिकाम्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग कमी करून रुळवा. पावसाळ्यात सावलीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर शेवाळ असतं, तिथे पुढचा ब्रेक विसरा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर थांबा.

नकाशावरची रेघ म्हणजे रस्ता नव्हे

घाटघर किंवा साम्रदवरून ‘आता कोकणात उतरू’ म्हणून कुणी मोबाइलवर वाट शोधली की चोंढे घाट, सांदणची घळ अशा रेघा दिसतात. या पायवाटा आहेत, कुठे दगडी पायऱ्या, कुठे दोर लागणारे टप्पे. सायकल खांद्यावर घेऊनही नको. घाटघरच्या कोकणकड्यावरून खाली बघा आणि मागे फिरा.

पाणी, पैसे, उजेड

कातळ पाणी धरून ठेवत नाही. ऑक्टोबरात वाहणारे झरे मार्चमध्ये कोरडे असतात, तेव्हा प्रत्येकी दोन लिटर शेंडीतूनच भरून घ्या. तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, त्यात चिमूटभर मीठ-साखर. बऱ्याच ठिकाणी रेंज नाही, म्हणजे यूपीआय नाही. दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा. जेवण हवं असेल तर गावात शिरताच एखाद्या मावशींना विचारा, पिठलं-भाकरीला तासभर लागतो. तो तास धरूनच वेळ आखा, कारण हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रस्ता अभयारण्यातून जातो. तीन वाजेपर्यंत रतनवाडी सोडलेली बरी.